निदरकूमचा

मोजणीखात्यात होतो तेव्हाची गोष्ट.
मुरारच्या जुन्या गोऱ्या कबरस्तानाची यादी करायची होती :
ओळ, क्रमांक, दगडाची अवस्था.
दौलत मसीह टेप धरायचा, मी लिहायचो.
मे महिना. सुराही चिंचेखाली,
आणि लू अशी, की कागदावर वीट ठेवावी लागे.

सदतिसाव्या दगडावरची खपली त्यानं किल्लीनं खरवडली.
टॉमस हॅडली. वय बावीस. पटकीनं.
आणि खाली, पलटणीच्या नावाहून ठळक :
निदरकूमचा.

दौलत म्हणाला, साहब, ये कोई शहर है क्या?
मला काय माहीत.
पण घरी येऊन एक पत्र टाकलं,
चर्च, निदरकूम, इंग्लंड.
एवढ्याच पत्त्यावर.

दिवाळीनंतर उत्तर आलं. निळी शाई, तिरकं अक्षर.
विनिफ्रेड ॲस्क्यू, वय अठ्ठ्याहत्तर,
गावाचा इतिहास लिहीत होत्या.
घरं एकसष्ट. गुरुवारी एक बस.
घंटेला तडा गेलाय, त्यामुळे ती
लग्नात आणि मयताला सारखीच वाजते.
शाळा बंद पडली, आता तिथे लंडनचे कुणी
शनिवार-रविवार राहायला येतात.
ओढ्यावरची गिरणी तीनदा जळाली,
तिसऱ्यांदा कुणी बांधली नाही.
शेतांची नावं मात्र शाबूत होती :
विधवेचं कुरण. उपाशी टेकडी.
आणि एक नुसतंच, जॉनकडून परत घेतलेलं.

हॅडलींचा टॉमस गिरणीवरच्याचा धाकटा.
धान्याचा भाव पडला त्या साली
गावातून सहा पोरं पलटणीत गेली,
परत आला एक, तोही बहिरा.
तो बंदूक घेऊन आला होता, हे मी लिहायचं टाळलं होतं.
बाईंनीच लिहिलं : त्यानं तिकडे काय केलं
ते आमच्या वहीत नाही. तुमच्याकडे कुठे असेल तर कळवा,
मी छापेन.

मी लश्करात चार म्हाताऱ्यांना विचारलं.
कुणाकडे काही नव्हतं. तसंच कळवलं.

मग बाईंनी विचारलं,
त्याच्यावर सावली कसली आहे?
लिहिलं, चिंचेची, दुपारी तीननंतर.
मग विचारलं, आणि तुमचं गाव?

आता काय सांगू.
आंबवडेकर आम्ही. पाच पिढ्या ग्वाल्हेरात.
पणज्याचा पणजा फौजेबरोबर उत्तरेला आला,
घोड्याची पागा सांभाळायला,
ते आंबवडे आडनावात घेऊन.
नकाशात आंबवडी चार आहेत, की पाच.
काकांनी एकदा सुट्टी काढून दोन पाहिली,
दोन्हीकडे चहा मिळाला,
दोन्हीकडे कुणी ओळखलं नाही.
आमच्या मराठीला ते हिंदी समजले.
ओढ्याचं नाव? ठाऊक नाही.
शेताचं? शेत होतं की नाही, तेही.

एवढं सगळं इंग्रजीत मला जमेना.
लिहिलं, माझं गाव माझ्या नावात आहे,
दाराशी पाटी असते तसं. आत घर नाही.
टाकल्यावर वाटलं, उगाच टाकलं.

पुढचं पत्र भाच्याचं होतं. बाई फेब्रुवारीत गेल्या.
घंटा वाजवली, म्हणे, तीच.
सोबत पुस्तक : पातळ, हिरवं,
पोस्टात एक कोपरा भिजून फुगलेला.

टॉमसचं अर्धं पान. चिंच आहे, दुपारी तीन आहे.
"त्याने काय केले ते आम्हाला मिळाले नाही,
शोधले मात्र होते." हेही आहे.

मागे नावांची सूची. चष्मा पुसून पाहिलं.
ॲलन, सुतार. ॲलन, विधवा.
आंबवडेकर.
ॲस्क्यू.

स्पेलिंग चुकलंय, एक अक्षर गाळलंय.
गावाच्या वहीत आमच्यातलं कुणी
लागलेलं मी पाहिलं नव्हतं.
दौलतला दाखवायला मुरारला गेलो तर तो रजेवर,
आणि फाटकाला कुलूप.